उन्हात ठेवलेलं कवच

"हात धुतलेस का?" लोरेलनं मागच्या दारातून विचारलं. "त्या क्रीमच्या हातांनी घेऊ नकोस तिला. मागच्या वेळी टोपीला केवढा पांढरा डाग पडला."

"धुतो गं. हे एवढं फासून होऊ दे."

रॉडनी पेनहॉल अंगणातल्या पत्र्याच्या टेबलावर ओणवा झाला होता. समोर एका जुन्या कॉम्प्युटरचं प्लास्टिकचं कवच होतं, आणि तो त्याला ब्रशनं केस भुरे करायची क्रीम लावत होता. ही क्रीम तो औषधांच्या दुकानातून डझनानं आणायचा. दुकानातली मुलगी त्याच्या डोक्याकडे पाहून दर वेळी हसायची, कारण तिथे भुरं करण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

त्या काळातलं प्लास्टिक वर्षानुवर्षं पडून राहिलं की जुन्या दातांसारखं पिवळं पडतं. त्यावर ही क्रीम लावायची, स्वयंपाकघरातल्या पातळ प्लास्टिकच्या कागदात ते गुंडाळायचं आणि उन्हात ठेवायचं. मग पिवळेपणा हळूहळू उतरतो. मात्र दर अर्ध्या तासानं ते फिरवावं लागतं, क्रीम पुन्हा सारखी करावी लागते. कुठे वाळली किंवा साचली, तर तिथे पट्टे उमटतात, आणि ते पट्टे सहसा जात नाहीत. आमच्या वॉलरू गावात हे ठाऊक असलेली माणसं दोनच. एक रॉडनी आणि दुसरा डेल ट्रेझाइज.

तो हात धुऊन आला, तशी लोरेलनं मुलीला त्याच्या हातात दिलं. "दूध फ्रिजमध्ये आहे. झोपायची वेळ झालीय, पण झोपेल असं वाटत नाही. मी चालले. आज वृद्धाश्रमात दोन जणी रजेवर आहेत, उशीर होईल."

"अगं, पण मला हे सारखं फिरवायला लागेल..."

"मग फिरव की. तिला काखेत घे आणि फिरव. मी भात ढवळते तेव्हा काय करते?" तिनं गाडीची किल्ली घेतली, मुलीच्या कपाळावर ओठ टेकले, आणि थोडं थांबून रॉडनीच्याही.

टॅमझिन पाच महिन्यांची होती. रॉडनी त्रेचाळीसचा. मूल होईल ही आशा दोघांनी सोडून दिली होती, मागच्या खोलीत रॉडनीनं कॉम्प्युटरांची फडताळं उभी केली होती, आणि मग ही आली. फडताळं शेडमध्ये गेली. तिथे ओल होती, त्यामुळे एकेक करत यंत्रं त्यानं जुने कॉम्प्युटर जमवणाऱ्यांच्या मंडळातल्या लोकांना देऊन टाकली. एकच ठेवलं.

ते एक शाळेतलं होतं. मोठ्या कचऱ्याच्या आठवड्यात गावातले सगळे नको असलेलं सामान घरासमोरच्या गवतावर ठेवतात, आणि ज्याला हवं तो ते उचलून नेतो. शाळेनंही आपलं अडगळीतलं सामान असंच बाहेर काढलं होतं. डेलनं फोन केला होता. "रॉड, हौद्याची यूट गाडी घेऊन पळत ये. आपली दोन्ही मशिनं गवतावर पडलीत." आपली म्हणजे ज्यांच्यावर चौदाव्या वर्षी दोघांनी मिळून एक खेळ लिहिला होता. जेटीला जहाज लावायचं आणि वारा सांभाळत त्यात गहू भरायचा. दोघांनी एकेक मशीन घरी नेलं.

आता गावातल्या संग्रहालयात शाळेची एक खोली होणार होती. बाकं, फळा, शाईच्या दौती, आणि एक कॉम्प्युटर. एकच. शनिवारी मंडळाचं प्रदर्शन होतं, त्यात शाळेतल्या जुन्या बाई मिस नॅनकिव्हेल दोन्ही यंत्रं बघून एक निवडणार होत्या. त्याखाली पितळी पट्टी लागणार होती, दुरुस्त करणाऱ्याच्या नावाची.

ही पट्टी रॉडनीला हवी होती. मोठ्या माणसानं मनात धरावी अशी ही गोष्ट नव्हे, हे त्यालाही कळत होतं. पण त्या वर्षी प्रार्थनेच्या वेळी मिस नॅनकिव्हेलनी सगळ्या शाळेसमोर सांगितलं होतं, "हा खेळ आपल्या डेलनं लिहिलाय." खेळ ज्या कॅसेटवर साठवला होता तिच्यावर अक्षर डेलचं होतं, एवढंच कारण. डेल तेव्हा काही बोलला नाही. रॉडनीही नाही. खेळातला वारा रॉडनीनं लिहिला होता. वाऱ्याशिवाय त्या खेळात काही नव्हतं.

फाटकापाशी यूट थांबली. डेल उतरला, हातात कागदी पिशवी.

"पेस्टी आणल्यात. गरम आहेत. काय म्हणते राजकन्या?"

"राजकन्या झोपत नाही. तुझं कुठवर आलं?"

"झालं की. काल संध्याकाळीच झालं." डेल टेबलाभोवती फिरून कवच बघू लागला. "माझं मी एकेक बाजू घेत तीन दिवस केलं, रोज थोडं थोडं. घाई नाही केली. घाई कशाला करायची, घरात कोण आहे?"

हे तो अगदी सहज म्हणाला. रॉडनीनं मात्र त्यातलं एवढंच धरलं. तीन दिवस. सलग. कुणी हाक मारणारं नाही, कुणाचं दूध तापवायचं नाही.

"आणि आतलं?"

"सगळे कपॅसिटर बदलले. कीबोर्डची एकेक कळ सुटी करून धुतली. खेळ पहिल्या फटक्यात चढला, रॉड! आपली ती मूळ कॅसेट, अजून चालते! ऐकायला ये एकदा."

"येईन. वेळ मिळाला तर."

"अरे, असं काय बोलतोस? हिला घेऊन ये." डेलनं बोट पुढे केलं. टॅमझिननं ते पकडलं आणि तोंडात घालायला ओढलं. "ताकद बघ हिची!"

"हात धुतलेस का?" रॉडनी म्हणाला, आणि आपण लोरेलसारखं बोललो हे लक्षात येऊनही हसला नाही.

डेल गेल्यावर टॅमझिन रडू लागली. आधी कुरकुर, मग पाय आखडून, चेहरा लाल करून. रॉडनीनं दूध दिलं, पाठ थोपटली, अंगणात फेऱ्या मारल्या. एका हातानं कवच एकदा फिरवलं. गोदीवरच्या धान्याच्या कोठारांकडे बोट दाखवून म्हणाला, "ते बघ, बाबाचं ऑफिस." कोठारांच्या फाटकातल्या वजनकाट्यावर तो नोकरीला होता. गव्हाचे ट्रक येतात, तो काच सरकवून आकडा घेतो, ट्रक पुढे जातो. महिन्याभरात हंगाम सुरू झाला की रविवारही मिळणार नव्हता. जे करायचं ते याच आठवड्यात.

शेवटी तो आत जाऊन खुर्चीत बसला, मुलीला छातीवर पालथी घेतली. ती हुंदके देत देत शांत झाली. तिचं तोंड उघडं पडलं आणि त्याच्या शर्टावर लाळेचा ओला गोल पसरू लागला.

खिडकीतून टेबल दिसत होतं. ऊन सरकून कवचाच्या डाव्या बाजूवर आलं होतं. आता फिरवायला हवं, त्याच्या मनात आलं. उठलो की ही जागी होणार. अजून पाच मिनिटं, म्हणजे ती गाढ झोपेल. त्यानं अंग किंचित उचललं. तिच्या मुठीनं त्याच्या शर्टाची चुणी घट्ट धरली. तो पुन्हा टेकला. डेल असता तर कधीच उठला असता, असं त्याच्या मनात आलं. डेलच्या छातीवर कोणी नसतं.

मग बहुधा त्याचाही डोळा लागला.

जाग आली तेव्हा कुंपणाची सावली टेबलावर पोचली होती. टॅमझिनला काखेत धरून त्यानं कागद सोडवला, पाण्यानं क्रीम धुतली. उजवी बाजू छान निघाली होती, दुधासारखी. डाव्या बाजूला आणि वरच्या अंगाला पांढरे ओघळ आले होते. जिथे जिथे कागदाला चुण्या होत्या तिथे तिथे पिवळ्या रेघा राहिल्या होत्या, जशा वाळूवर लाटा राहतात तशा. त्यानं ओलं बोट त्यावरून फिरवलं. काही गेलं नाही.

"छान," तो मुलीला म्हणाला. "छान केलंस."

ती त्याच्याकडे बघून हसली. झोप चांगली झाली होती तिची.

लोरेल परतली तेव्हा तो ताटाकडे न बघता जेवत होता. तिनं दिवा लावून कवच पाहिलं.

"मला तर बरं वाटतंय. संगमरवरासारखं."

"लोरेल, प्लीज."

"पुन्हा नाही का करता येणार?"

"केलं तर आणखी बिघडेल. आणि करू कधी? एक दिवस मिळाला होता. एक. तोही हिनं..."

"हिनं काय?"

त्यानं ताट बाजूला सारलं.

"बोल ना. हिनं काय केलं? ब्रश हातात घेतला?" लोरेल पायातले बूट काढत होती, ती थांबली. "पाच महिन्यांच्या पोरीवर खार खातोस, रॉड?"

"तिच्यावर नाही."

"मग कुणावर? डेलवर? त्या बिचाऱ्याकडे काय आहे रे, एक शेड आणि एक कुत्रा, तोही म्हातारा."

"वेळ आहे त्याच्याकडे," रॉडनी म्हणाला. "तुला नाही कळायचं. वेळ आहे."

"मला नाही कळायचं?" लोरेल म्हणाली. दिवसभर म्हाताऱ्यांचे पाय धुऊन तिचे हात पांढुरके पडले होते. ते तिनं त्याच्यासमोर नुसते धरले आणि आत निघून गेली.

गुरुवारी डेलचाच फोन आला. लोरेलनं त्याला सांगितलं असावं. "घेऊन ये रे तुझं कवच. माझ्याकडे दिवे आहेत तसले, उन्हासारखे. डाग पूर्ण नाही जाणार, पण फिके होतील. आणि पोरीलाही आण."

जावं की जाऊ नये यात रॉडनीची सकाळ गेली. मग तो गेला.

डेलची शेड म्हणजे शेड नव्हतीच. भिंतींना पांढरा रंग, एसी, हत्यारं आकारानुसार टांगलेली. त्याची बायको ॲडलेडला निघून गेली त्याला सात-आठ वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून या खोलीत बहुधा एकाही गोष्टीची जागा हलली नव्हती. मधल्या टेबलावर त्याचं मशीन होतं. रॉडनी त्याच्यासमोर उभा राहिला. एकही रेघ नाही. शाळेत पहिल्यांदा खोक्यातून काढलं तेव्हाही ते इतकं स्वच्छ होतं का, कोण जाणे. रॉडनीला त्यात चूक सापडावी असं मनापासून वाटत होतं. तो वाकून कडा बघू लागला.

"काय शोधतोस?"

"काही नाही. छान झालंय."

टॅमझिनला एसीचा गारवा आवडला नाही. ती पुन्हा तशीच रडू लागली, पाय आखडून. रॉडनीनं तिला उभं धरलं, आडवं धरलं, तिच्या कानात गुणगुणला. डेल थोडा वेळ बघत राहिला.

"दे इकडे. जरा."

"नाही घ्यायची तुझ्याकडे. अनोळखी माणसाकडे ती..."

"मी अनोळखी? बरं, थांब." डेलनं टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. मूळ कॅसेट आत होती. खेळ मशीनमध्ये चढू लागला, आणि खोलीभर तो आवाज पसरला. चिरका, खरखरीत, जसा पत्र्यावर पाऊस आणि त्यात कोणीतरी शिट्टी मारतंय. त्या आवाजानं बायका कानांवर हात ठेवतात. टॅमझिन रडता रडता थबकली. तिनं डोळे मोठे केले.

"ऐकते बघ," डेल कुजबुजला.

डेलचे हात पुढे झालेच होते. रॉडनीनं तिला दिलं. डेलनं एक तळवा तिच्या मानेखाली, एक कमरेखाली असं नीट घेतलं आणि खांद्यावर टाकलं. आवाज चालूच होता. तिनं डेलच्या मानेत नाक खुपसलं, एक मोठा श्वास सोडला आणि झोपली. रॉडनीला त्या झोपेसाठी रोज तासभर फेऱ्या माराव्या लागत.

"अशीच झोपते का घरी?" डेल हलक्या आवाजात विचारत होता. "दुपारी किती वेळ? कुशीवर ठेवता की पाठीवर?"

रॉडनी मुलीच्या पाठीकडे बघत होता. त्याला वाटत होतं, यंत्र याचं. वेळ याचा. कॅसेटही याच्याच कपाटात. आणि आता हेही. मुलीचा लाळेचा गोल डेलच्या शर्टावर पसरत होता, आणि हा गोल पाहून तो असा काही जळला, की चौदाव्या वर्षीसुद्धा जळला नसेल.

"दे तिला. निघायला हवं."

"अरे, झोपलीय. असू दे की घटकाभर."

"दे म्हटलं ना."

डेलनं दिलं. ती जागी झाली आणि किंचाळली.

"कवच तरी ठेवून जा, मी रात्रीतून..."

"नको. आहे तसं राहू दे."

एका हातात रडणारी मुलगी आणि दुसऱ्या काखेत डागाळलेलं कवच घेऊन तो गाडीपर्यंत गेला. दार उघडायला तिसरा हात नव्हता. डेलनं मागून येऊन ते उघडलं.

शनिवारी हॉलमध्ये बरीच गर्दी झाली. मंडळाचे आसपासच्या गावांतले दहा-बारा लोक, त्यांची यंत्रं, वायरींची जाळी, कोपऱ्यात चहाची टाकी आणि बायकांनी आणलेले केक. रॉडनी आणि डेलची टेबलं शेजारी होती. ती कुणी तशी लावली कोण जाणे. एक मशीन पांढरंशुभ्र, दुसरं ओघळ आलेलं. लोक रॉडनीच्या टेबलासमोर थांबत आणि विचारत, "याला काय झालं हो? भाजलं का?"

"ऊन लागलं," तो सांगायचा.

मिस नॅनकिव्हेल काठी टेकत आल्या. पंच्याऐंशी उलटली असेल, पण गावातले निम्मे लोक त्यांना बघून अजून सरळ बसतात.

"या दोघांनी मला वर्गात फार छळलं," त्या जमलेल्यांना म्हणाल्या. "खिडकीतून बाहेर बघायचे आणि विचारलं की म्हणायचे, मिस, वारा मोजतोय." लोक हसले. त्या आधी रॉडनीच्या टेबलापाशी थांबल्या. चष्मा वर करून त्यांनी कवचाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग त्याच्या खांद्यावरच्या मुलीकडे. "तुला झोप मिळत नाही वाटतं, रॉडनी."

"नाही, मिस."

"मिळेल. दोनेक वर्षांत." आणि त्या पुढच्या टेबलाकडे वळल्या. तिथे त्यांना काही विचारावं लागलं नाही. त्यांनी डेलच्या दंडावर हात ठेवला. "हेच. आमच्या खोलीत हेच शोभेल. पट्टीवर काय घालू? डेल ट्रेझाइज, एवढंच?"

डेलनं रॉडनीकडे पाहिलं. रॉडनी एका वायरीची गाठ सोडवत होता.

"हो, मिस," डेल म्हणाला. "मशीन मीच केलंय."

टाळ्या वाजल्या. रॉडनीनंही वाजवल्या, मुलीला सांभाळून, एका हाताच्या पंजावर दुसऱ्याची बोटं. निकाल बरोबर होता. कुणीही हाच दिला असता, त्यानंही. पण बरोबर आहे म्हणून काही घशातून सहज उतरत नाही.

टाळ्यांनी टॅमझिन दचकली आणि रडू लागली. उंच छपराच्या त्या हॉलमध्ये तिचा आवाज घुमू लागला. लोरेल चहाच्या टाकीपासून धावत आली, तिनं घेतलं, हलवलं, परत दिलं. चहाच्या रांगेतल्या बायका सल्ले देऊ लागल्या. "गॅस झालाय." "टोपी काढा तिची." "आमच्या वेळी आम्ही बोटानं थोडी ब्रँडी लावायचो." रॉडनीला घाम फुटला. डेल आपल्या मशीनच्या वायरी काढत होता. संग्रहालयाची गाडी बाहेर उभी होती. त्याची पाठ रॉडनीकडे होती, आणि ती पाठ मुद्दाम वळत नव्हती, हे रॉडनीला दिसत होतं.

तो दोन पावलं पुढे झाला. मग म्हणाला, "डेल."

"हं?"

"ती कॅसेट दे. आणि हिला घे जरा."

डेल वळला. "मी? अरे, मला हे गाडीत न्यायचंय, ते लोक थांबलेत..."

"ते मी नेतो. तू घे. तुझ्याकडे राहते ती."

हे शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज बारीक झाला. लोरेलनं त्याच्याकडे पाहिलं आणि मग चटकन दुसरीकडे.

रॉडनीनं कॅसेट आपल्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली आणि बटण दाबलं. ओघळ आलेल्या मशीनमध्ये खेळ चढू लागला. चहाच्या रांगेतल्या बायकांनी कानांवर हात ठेवले. डेल घडीच्या खुर्चीत बसला, मुलगी खांद्यावर, तळवा मानेखाली. तिचं रडणं कमी होत गेलं. पडद्यावर जेटी उमटली, मग जहाज, आणि वारा सुटला. डेल बघत होता. त्याच्या पुढ्यातलं टेबल आता रिकामं होणार होतं, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

रॉडनीनं डेलचं मशीन दोन्ही हातांत उचललं. त्याच्या अंदाजापेक्षा ते हलकं होतं. दाराशी पोचेपर्यंत त्यानं पुन्हा एकदा वरचं अंग, कडा, कोपरे पाहून घेतले. एकही रेघ नव्हती. त्याला अजूनही तितकाच हेवा वाटला.

बाहेर लख्ख ऊन होतं. गाडी रस्त्यापलीकडे उभी होती. क्रीमशिवाय असं ऊन लागलं की हे प्लास्टिक पुन्हा पिवळं पडू लागतं, हे गावात दोघांनाच ठाऊक. रॉडनी पायरीवर थांबला. मशीन गुडघ्यावर तोललं, खांद्यावरचं मुलीचं दुधाच्या डागांचं मऊ फडकं ओढून काढलं आणि ते त्यावर पसरलं, कडा नीट खाली दुमडून. मग तो सावकाश रस्ता ओलांडू लागला.